जीप अपडेट: मागचा एक्सल मिळाला, तोही पाण्याच्या ट्रॉलीखाली

तर मंडळी, तीन महिने गप्प होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, गाडी ठोकळ्यांवर आणि मी भंगारात. नवीन लोकांसाठी थोडक्यात: 68 ची महिंद्रा सीजे-3बी, हाय बोनेट, पेट्रोल हरिकेन इंजिन अजून ओरिजिनल. आमच्याकडं यायच्या आधी बरीच वर्षं वडापला (गावोगावच्या शेअर सवारीला) होती, म्हणजे बारा-पंधरा माणसं, वर टपावर भाजीच्या पाट्या. एक्सलनं काय काय सोसलंय ते त्यालाच माहीत.

दिवाळीनंतर डावा हाफ शाफ्ट (एक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा) हबजवळ, म्हणजे चाक बसतं तिथं, तुटला, हबला शाफ्टवर अडकवणाऱ्या चावीच्या खाचेतनंच. तुटलेला तुकडा बघितला तर निम्मा भाग तपकिरी गंजलेला आणि निम्मा चकचकीत, म्हणजे चीर जुनीच होती, आपण आपले तसेच पळवत होतो. टेपर (टोकाला निमुळत्या) शाफ्टचं हे दुखणं सगळ्यांना माहितीय, नट जरा सैल राहिला की हब टेपरवर हलतो, सगळा भार चावीवर येतो आणि मग खाचेच्या कोपऱ्यातनं चीर सुरू होते. नुसता शाफ्ट बदलून भागलं असतं पण डिफ्रन्शलचं (एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) कव्हर उघडलं तर आत ऑइल नाही, चहा. दुधाचा, म्हणजे ऑइलात पाणी शिरलेलं. ओढ्यातनं गाडी घालायची हौस, दुसरं काय. क्राउनच्या (आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दातांवर खड्डे पडलेले. उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिक मामांनी एक बोट फिरवलं आणि म्हणाले, अख्खा एक्सल बघ, यात पैसे घालू नको.

मग सुरू झाली शोधाशोध. पुण्याचा जुना बाजार दोनदा झाला, कुर्ल्याला एकदा, मिरज, निपाणी वेगळंच. जीपचा एक्सल म्हटलं की सगळे हो म्हणतात हो, पण फोटो मागवला की डिफ्रन्शल बरोबर मध्ये. ते टू-व्हील ड्राइव्हचं, आपल्याला नाही चालत. आपल्या ट्रान्सफर केसचं (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचं) तोंड उजव्या बाजूला म्हणून मागचं डिफ्रन्शलपण उजवीकडं सरकलेलं, डावा शाफ्ट लांब आणि उजवा आखूड. एकानं तर "डावा-उजवा एकच असतोय" म्हणून आखूड शाफ्ट पार्सल केला, तो अजून घरात पडदा लावायला पडलाय.

आता माझा गाढवपणा ऐका. फेब्रुवारीत एक एक्सल सापडला, डिफ्रन्शल उजवीकडं, ड्रमसकट, फोटोत एकदम कडक. फोनवर विचारलं रेशो काय, म्हणजे चाकाच्या एका वेढ्याला इंजिनाकडचा दांडा किती वेढे घेतो, तर समोरचा म्हणाला "पाच". मी म्हटलं बरोबर, आपला पाचाचाच. टेम्पो करून घरी आणला, कव्हर काढलं, खडूनं खूण करून दात मोजले. क्राउनला 39, पिनियनला (क्राउन फिरवणाऱ्या लहान गिअरला) 8. म्हणजे 4.88. आपल्या पुढच्या एक्सलला 43 आणि 8, म्हणजे 5.38. पाचाला जरा कमी पण पाचच आणि साडेपाचाला जरा कमी पण पाचच, तो माणूस काय खोटं बोलला नाही, मीच नीट विचारलं नाही. नुसतं मागच्या चाकांवर फिरायचं असतं तर लावलापण असता, हायवेला इंजिन जरा कमी किंचाळलं असतं, स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवला असता कारण त्याची केबल ट्रान्सफर केसवरनं जाते. पण फोर-व्हील टाकला की पुढचा-मागचा दहा टक्क्यांचा फरक, दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडणार, आणि फोर-व्हीलसाठीच तर जीप ठेवलीय.

कव्हर न उघडता मोजायचं तर एक चाक धरून ठेवा आणि दुसरं पूर्ण दोन वेढे फिरवा, तेवढ्यात पिनियन जितके वेढे घेईल तो रेशो. दोन वेढे हां, एक नाही. मी आधी एकच फिरवला आणि पावणेतीनच्या आसपास आलं, अर्धा तास डोकं धरून बसलो होतो.

मग कागलकडं एका लग्नाला गेलो होतो, जेवणाच्या मंडपामागं पाण्याची ट्रॉली उभी. सवयीनं खाली वाकलो. उजवीकडं सरकलेलं डिफ्रन्शल, पिनियनच्या तोंडाला पोत्याचा तुकडा तारेनं बांधलेला! बायको लांबनं बघत होती, ती आता काही बोलत नाही. तिथंच इस्त्रीच्या शर्टात जॅक लावून चाक फिरवलं, पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त. ट्रॉलीवाले अण्णा आले, म्हणाले "पाव्हणं, पंक्चर झालंय का?" सगळं सांगितलं तर हसायलाच लागले. त्यांना फक्त चाकं फिरली की झालं, रेशोशी काय देणंघेणं. सौदा असा ठरला: माझा 4.88 वाला त्यांच्या ट्रॉलीला, त्यांचा 5.38 वाला मला, वर वेल्डिंगचा आणि टायरचा खर्च माझा.

उघडून बघितलं तर दात नव्यासारखे. विचार केला तर बरोबरच आहे, ट्रॉलीखाली क्राउन-पिनियन नुसतं मोकळं फिरतंय, त्याच्यावर इंजिनाचा जोर कधी आलाच नाही. बेअरिंग मात्र गेलेली. हब काढताना पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) ताणून तसाच ठेवला, हातोडा मारला नाही, रात्री दीडला धाडकन आवाज आला आणि शेजारचे काका बॅटरी घेऊन बाहेर. हब निघाला होता.

दातांचा घास, म्हणजे दात एकमेकांवर कुठं टेकतात ते, बघायला मामांनी शेंदूर तेलात कालवून लावला, मारुतीला लावतो तोच. खूण दाताच्या मधोमध आली, पिनियनचे शिम (पातळ चकत्या) हलवावे लागले नाहीत. हाफ शाफ्टचा एंड प्ले (आत-बाहेर हलायची मोकळीक) 4 ते 8 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) पाहिजे, सध्या 11 येतोय, म्हणजे बॅकिंग प्लेटमागचे (ब्रेकच्या पत्र्यामागचे) शिम कमी करायचेत. टेपर कोरडा पुसून हब बसवणार आणि नट 150 फूट-पाउंडला, कॉटर पिनचं (नट सैल होऊ न देणाऱ्या पिनचं) भोक जुळलं नाही तर पुढंच आवळायचा, मागं सोडायचा नाही.

पिनियनचं सील अजून मिळालं नाही, दोन आणली ती दोन्ही बाहेरून ढिली. कुणाकडं जुनं चामड्याचं असेल तरी सांगा. तोवर पोत्याचा तुकडा जपून ठेवलाय.