बाई असून ही गाणी?

मला टँगोची, म्हणजे अर्जेंटिनातल्या त्या नृत्यसंगीताची, गाणी आवडतात असे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सोडून गेलेल्या बाईला बोल लावत आणि सरलेल्या तारुण्यासाठी गळा काढत पुरुषांनी गायलेली ही रडगाणी, बाई असून तुम्हाला ऐकवतात कशी? १९१७ साली टँगोगायक गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ (‘माझी उदास रात्र’) गायले तेव्हापासून या गाण्यांचा नायक असाच रडत आला आहे, हे मला कोणी नव्याने सांगायला नको.

पुरावा म्हणून बहुधा पुढे केले जाते ते टँगोकार दिसेपोलोचे १९२८ सालचे ‘एस्ता नोचे मे एम्बोराचो’ (‘आज रात्री मी पिऊन झिंगणार’). पहाटे कॅबरेतून बाहेर पडणारी एक बाई नायकाला दिसते. दहा वर्षांपूर्वी जिच्या रूपापायी त्याने आईच्या तोंडचा घास काढला, ती आता पिसे उपटलेल्या कोंबड्यासारखी दिसते असे तो सांगतो, आणि विचार करावा लागू नये म्हणून दारू प्यायला जातो. यावर माझे उत्तर तयार असे: दिसेपोलो हसतो आहे तो नायकाला, शिवाय हे गाणे रंगमंचावर पहिल्यांदा गायले ते आसुसेना मैसानी या बाईने, तेव्हा कोण कोणाची टर उडवते आहे ते तुम्हीच ठरवा.

हे उत्तर मी नात्यातल्या एका लग्नापर्यंत बिनदिक्कत देत आले. त्या कार्यालयात मी ताट घेऊन उभी असताना, कॉलेजात मला पत्रे लिहिणारे एक गृहस्थ समोर आले, त्यांनी आधी मला ओळखलेच नाही, आणि मग माझ्या नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर म्हणाले, “अगं, काय होतीस तू!” मी हसले, मुलीची ओळख करून दिली. त्यानंतर ते बराच वेळ बोलत राहिले, पण त्यात माझ्याविषयी एक शब्द नव्हता: त्यांची बुलेट, त्यांचे केस, एकांकिकेत त्यांनी केलेली भूमिका, रात्र रात्र जागवलेला कट्टा. माझ्या चेहऱ्यावर ते स्वतःचे तारुण्य शोधत होते, आणि ते सापडेना याचा ठपका त्यांनी माझ्यावर ठेवला होता. त्यांचे बोलणे मी सोडून दिले असते. पण मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, की आई पूर्वी कोणीतरी होती आणि आता नाही, हे तिला प्रथमच कळले असावे. ते मला लागले, आणि घरीही मी त्याविषयी बोलले नाही.

तेव्हापासून माझे जुने उत्तर मला वकिली वाटते. दिसेपोलो नायकाला हसत असेलही, पण पिसे उपटली आहेत ती बाईचीच, आणि गाण्यात तिला एक वाक्यही बोलायला मिळत नाही. तरीही ते बंद करावेसे वाटत नाही, कारण जिच्यावर प्रेम केले तिची अशी दशा पाहायला लावून काळाने सूड उगवला, असे तो नायक उघड म्हणतो. कार्यालयातल्या गृहस्थांना तेवढेही साधले नव्हते.

मग ‘सुर’ (‘दक्षिण’) ऐका, ते किती सभ्य, असेही सुचवले जाते. १९४८ सालचे ते गाणे, शब्द कवी मान्सीचे आणि संगीत त्रोइलोचे. ब्युनोस आयर्समधल्या सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांचा जुना कोपरा, पोम्पेया ही वस्ती आणि त्यापलीकडचे पुराचे पाणी, तिची खिडकी, बदलून गेलेली वस्ती. ते अधिक सुंदर आहे यात मला शंका नाही. परंतु त्यात ती कायमची वीस वर्षांची आहे, आणि पुढे तिचे काय झाले याची चौकशी मान्सी करत नाही. दिसेपोलोकडे तिला निदान वय तरी होते. असे मी म्हणते खरी. पण ‘सुर’ लागले की मी हातातले काम बाजूला ठेवते आणि दिसेपोलो लागला की काम चालूच ठेवते, त्यावरून काय अनुमान काढायचे ते खुशाल काढा.