सातव्या ओळीपाशी

पाळकीय सेवेच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच्या कामाच्या, प्रशिक्षणासाठी जे माझ्याकडे येतात, त्यांच्याकडून मी पहिल्याच महिन्यात एक काम करून घेतो, आणि ते काम जवळजवळ कोणालाच आवडत नाही. आजारी किंवा दुःखात असलेल्या एका माणसाची भेट घ्यायची आणि परत आल्यावर, आठवण ताजी आहे तोवर, त्या भेटीत कोण काय बोलले ते जसेच्या तसे लिहून काढायचे. समोरच्याचे नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असे काहीही लिहायचे नाही. प्रत्येक बोलण्याला क्रमांक द्यायचा, उजवीकडे रुंद समास सोडायचा आणि तो कागद गटापुढे मोठ्याने वाचायचा. प्रवचन द्यायला सांगितले तर हीच मंडळी आनंदाने उभी राहतात. या एका पानापाशी मात्र त्यांचा हात अडखळतो, कारण प्रवचनात आपण जे बोलायचे ठरवलेले असते ते बोलतो, आणि या कागदावर आपण प्रत्यक्षात काय बोललो ते उतरते.

माझा स्वतःचा पहिला कागद मला अजून आठवतो. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हायची होती अशा एका वयस्कर गृहस्थांना मी भेटलो होतो. पहिल्या पाच ओळी चौकशीच्या होत्या: झोप लागली का, दुखते का, डॉक्टर काय म्हणाले. सहाव्या ओळीत ते म्हणाले, “मुलाला कळवलेलं नाही. तसंही चार वर्षं झाली, तो...” आणि ते थांबले. सातवी ओळ माझी होती: “चला, आपण प्रार्थना करू या.” त्यापुढे मी बायबलमधले स्तोत्र २३ म्हटले, प्रार्थना केली, त्यांनी ‘आमेन’ म्हटले, बरे झाले आलात असेही म्हणाले, आणि भेट छान झाली या समाधानात मी वसतिगृहावर परतलो.

आमच्या मार्गदर्शकांनी तो कागद ऐकून घेतला, हातात घेतला आणि पेन्सिलीचे टोक सातव्या ओळीपाशी टेकवून एवढेच विचारले, “इथे प्रार्थना कोणाला हवी होती?” मी बराच वेळ स्तोत्राचे महत्त्व सांगत राहिलो. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि पेन्सिल तिथून हलवली नाही. त्या माणसाने चार वर्षांचे दार किलकिले केले होते, आणि पलीकडे काय असेल या भीतीने मी ते प्रार्थनेने लावून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा खाट रिकामी होती. त्यांना शस्त्रक्रियेसाठी नेले होते, आणि पुढे आमची भेट झाली नाही. तीन वर्षांत मी ग्रीक क्रियापदांची रूपे पाठ केली, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासावर निबंध लिहिले, सिद्धांतशास्त्रात चांगले गुणही मिळवले. परंतु माझे काम कोणीतरी पाहिले आणि ते माझ्यापुढे ठेवून मला विचारले, असे त्या दिवशी पहिल्यांदा घडले.

ही पद्धत काही माझ्या मार्गदर्शकांनी शोधलेली नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथील मनोरुग्णालयात १९२५ च्या उन्हाळ्यात अँटन बॉयसन यांनी ईश्वरविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन अशा प्रशिक्षणाला आरंभ केला. बॉयसन हे स्वतः पाच वर्षांपूर्वी मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झालेले होते, त्यामुळे खाटेवरून पाद्री कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होते. ग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो तितक्याच बारकाईने जिवंत माणूस वाचायला शिकले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाशी झालेला संवाद लिहून काढण्याच्या पद्धतीला पुढे १९३० च्या दशकात रसेल डिक्स यांनी वळण लावले. आज जगभरच्या अनेक सेमिनरींत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांत, दीक्षेपूर्वी रुग्णालयातील असे प्रशिक्षण घ्यावे लागते. तरीही पुष्कळ ठिकाणी ते अभ्यासक्रमाच्या शेपटाला लावलेले असते, एखाद्या उन्हाळ्यापुरते, आणि मला ते खटकते.

पाळकाचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर मंडळीने वेळोवेळी वेगवेगळे दिलेले आहे. इ. स. ५९० मध्ये रोमचा बिशप झालेल्या पहिल्या ग्रेगरीने पाळकांसाठी जे पुस्तक लिहिले, त्याच्या आरंभीच त्याने वैद्यांचे उदाहरण दिले आहे: औषधांचे गुण माहीत नसलेला माणूस वैद्य म्हणवून घ्यायला कचरतो, मग आत्म्याच्या नियमांची ओळख नसलेले लोक आत्म्याचे वैद्य म्हणवून घ्यायला का कचरत नाहीत? त्या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग कोणाशी कसे बोलावे याचा आहे. गरिबाशी एक, श्रीमंताशी दुसरे. आनंदी माणसाशी एक, खिन्न माणसाशी दुसरे. अशा जोड्यांमागून जोड्या येतात. त्या मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा कंटाळलो होतो. सातव्या ओळीनंतर पुन्हा वाचल्या, तेव्हा लक्षात आले की हा मनुष्य आपल्या रुंद समासातल्या नोंदीच लिहीत आहे.

तरुणांना एका संस्थेत ठेवून वर्षानुवर्षे घडवायचे, ही आपल्याला परिचित असलेली सेमिनरीची कल्पना त्यामानाने अलीकडची आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी, आपल्या तेविसाव्या सत्रात, प्रत्येक धर्मप्रांताने असे विद्यालय चालवावे असा ठराव केला. मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, त्याला लिहिता-वाचता येत असावे, आणि गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटलेले आहे. अर्धवट शिकलेले, लॅटिन मंत्र चुकीचे म्हणणारे धर्मगुरू पाहून जी मंडळी हैराण झाली होती, तिच्या दृष्टीने हा फार मोठा उपाय होता, आणि त्याचे फळही मिळाले. प्रॉटेस्टंटांनीही आपापली विद्यालये काढली. जिनिव्हा येथील धर्मसुधारक कॅल्विनची अकादमी १५५९ ची. विद्येशिवाय सेवा नको, हा आग्रह दोन्हीकडे होता आणि तो योग्यच होता. पाळकाने शास्त्र नीट वाचले नाही, तर मंडळी त्याच्या लहरींवर जगते, हे मी पाहिलेले आहे.

मला स्वतःला मात्र त्याच शतकातला एक वेगळा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. झ्युरिकमध्ये १५२५ पासून धर्मसुधारक झ्विंग्लीच्या पुढाकाराने शहरातले पाळक आणि विद्यार्थी सकाळी चर्चमध्ये एकत्र जमत. बायबलच्या जुन्या करारातील एकच उतारा आधी लॅटिनमध्ये, मग हिब्रूत, मग ग्रीकमध्ये वाचला जाई, त्याचा अर्थ सर्वांसमक्ष उलगडला जाई, आणि शेवटी तोच उतारा लोकांच्या जर्मन बोलीत प्रवचनरूपाने मांडला जाई. अभ्यास आणि उपदेश यांच्यामध्ये तीन वर्षांचे अंतर नव्हते, एका सकाळचे होते. शिवाय अनुभवी पाळक नवशिक्याच्या शेजारी बसून तोच उतारा पुन्हा शिकत होते. आमच्या गटात प्रवचनाचा अभ्यास मी याच धर्तीवर ठेवला आहे, फक्त हिब्रू येणारे आमच्यात कोणी नाही, त्यामुळे तीन-चार भाषांतरे समोर ठेवून आम्ही भागवतो. प्रवचन झाल्यावर मी ऐकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारतो: यातले एक वाक्य सांगा. पाचजणांनी पाच वेगळी वाक्ये सांगितली, तर बोलणाऱ्याला काय झाले ते माझ्या टिप्पणीशिवाय कळते.

माणसाचे काम पाहायचे आणि मग त्याला बाजूला घेऊन सांगायचे, याचा सर्वांत सुंदर नमुना बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. अपुल्लोस मोठा वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, आणि इफिस येथील सभास्थानात धैर्याने बोलत होता. पण त्याला येशूच्या आधी वाट तयार करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा तेवढाच ठाऊक होता, पुढचे नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू करणाऱ्या दांपत्याने त्याचे भाषण ऐकले. त्यांनी त्याला भर सभेत टोकले नाही आणि कौतुक करून मोकळेही सोडले नाही. आपल्याकडे घेऊन जाऊन त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. इतक्या विद्वान माणसाने हाताने काम करणाऱ्या जोडप्याकडून शिकून घेतले, याचेही मला तेवढेच अप्रूप वाटते. ज्या उमेदवाराला कोणी बाजूला घेतलेले चालत नाही, त्याच्या बुद्धीबद्दल मला शंका नसते, त्याच्या पाळकपणाबद्दल असते.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या अध्यक्षाच्या पात्रतेची जी यादी पाठवली, ती वाचतानाही हेच जाणवते. त्यात शिकवण्याची हातोटी आहे, घर नीट चालवण्याचा उल्लेख आहे. बाकी जवळजवळ सगळे गुण वागण्याचे आहेत: सौम्य, भांडखोर नव्हे, द्रव्यलोभी नव्हे, बाहेरच्या लोकांत नाव चांगले असलेला, नुकताच विश्वासात आलेला नव्हे. यांतल्या एकाचीही परीक्षा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत घेता येत नाही. भांडखोरपणा स्वयंपाकघरातल्या कामाच्या वाटणीत दिसतो, द्रव्यलोभ खर्चाच्या पावत्यांत दिसतो. दीत्रिख बोनहोफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्ड येथे नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळीसाठी जे सेमिनरी चालवले, तिथे सर्वांनी एकत्र राहण्यावर भर होता, आणि गैरहजर असलेल्या बांधवाविषयी बोलायचे नाही, बोललात तर त्याला ते स्वतः जाऊन सांगायचे, असा नियम होता. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, १९३७ मध्ये ते बंद केले. तो नियम मी आमच्या गटाला सांगितला, तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या. आठवडाभरात तो पाच वेळा मोडला, त्यातला एकदा माझ्याकडून.

एकत्र राहण्याचा हा आदर्श सगळ्यांना परवडणारा नाही, हेही खरे. नोकरी करणारी, मुलेबाळे असलेली, आधीच मंडळीचा भार वाहणारी माणसे घरदार सोडून तीन वर्षे कुठे जाणार? ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका सेमिनरीने १९६३ मध्ये हा प्रश्न उलटा करून सोडवला. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी विद्यार्थ्यांना बोलावण्याऐवजी शिक्षकांनाच त्यांच्याकडे पाठवले. पाठ घरी करायचे आणि ठरावीक दिवशी जवळच्या केंद्रात शिक्षकाला भेटून त्यावर चर्चा करायची, अशी ती रचना होती, आणि विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण या नावाने ती खंडोखंडी पसरली. तिचा मोठा फायदा असा, की विद्यार्थी आपल्या मंडळीपासून तुटत नाही: सोमवारी वाचलेले त्याला रविवारी वापरावे लागते. आज याच कल्पनेची ऑनलाइन आवृत्ती सर्वत्र दिसते, पण तिच्यातून बहुधा नेमकी शिक्षकाची भेट गळून पडलेली असते आणि चित्रफिती तेवढ्या उरतात. चित्रफीत सातव्या ओळीवर बोट ठेवत नाही.

मंडळीच्या नेतृत्वाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यातले बरेचसे साध्या शिस्तीचे आहे. दानाचे पैसे एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावेत आणि दोघांनीही सही करावी. सभेचे इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहावे. लहान मुलांबरोबर एकट्या प्रौढाने राहू नये. हे शिकवायला एक दुपार पुरते आणि न शिकवल्यास झालेले नुकसान पिढीभर भरून निघत नाही. यापेक्षा अवघड आहे ते बायबलमध्ये इथ्रोने आपल्या जावयाला, म्हणजे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला, सांगितलेले: सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर्वांचे न्यायनिवाडे तू एकटाच करत बसलास, तर तूही थकशील आणि लोकही थकतील; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. इथ्रो हा सल्ला देऊ शकला, कारण त्याने आधी दिवसभर मोशेचे काम पाहिले होते. आपल्या पाळकाचा संपूर्ण दिवस कोणी पाहिला आहे, असे मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारतो तेव्हा ते एकमेकांकडे पाहतात. आणि दहांवर माणूस नेमणे म्हणजे त्याने ते काम आपल्यापेक्षा वाईट केलेले सहन करणे, किंवा चांगले केलेले सहन करणे. यांतले दुसरे मला जास्त जड गेले.

म्हणून अलीकडे मी भेटींना एकटा जात नाही. गटातल्या एकाला बरोबर नेतो. घरच्यांना आधी विचारतो, त्यांची हरकत नसेल तरच. परतल्यावर दोघेही संवाद लिहून काढतो आणि कागदांची अदलाबदल करतो. गेल्या महिन्यात अशाच एका भेटीला माझ्यासोबत गटातली सर्वांत अबोल विद्यार्थिनी आली होती. तिचा कागद माझ्यापेक्षा दीडपट लांब होता; मी विसरलेली तीन वाक्ये तिला आठवत होती. ती वाचत असताना तिने मध्येच थांबून, जरा चाचरत विचारले, “सर, नवव्या ओळीत त्या बाई बहिणीबद्दल सांगायला लागल्या होत्या. दहाव्यात तुम्ही प्रार्थना का सुरू केलीत?”

मी आधी म्हणालो की भेटीची वेळ संपत आली होती. मग म्हणालो की त्या थकलेल्या दिसत होत्या. ती काही बोलली नाही. शेवटी मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि दहाव्या ओळीसमोर समासात लिहिले, ‘पुढच्या घरी जायचे होते,’ आणि कागद तिला परत दिला.