डीन स्पॅनलीचं जेवणघर: खुर्चीत कुत्रा दिसू लागला!

टेबल, खुर्च्या, भिंतींचं लाकडी काम झालं आणि आता मी ज्यासाठी हा घाट घातला तो भाग हाती घेतलाय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: 'डीन स्पॅनली' (2008) या चित्रपटातलं जेवणाचं टेबल मी 1:12 मापात, म्हणजे फुटाला इंच धरून, करतेय. पुढे कथेचा शेवट उघड होतो, तेव्हा चित्रपट राहिला असेल तर आधी पाहून घ्या.

काळ एडवर्डियन इंग्लंडचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. फिस्क दर गुरुवारी आपल्या हेकट म्हाताऱ्या वडिलांना भेटायला जातो. भाऊ दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला गेला, त्या दुःखात आई गेली, पण वडील (पीटर ओटूल) त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मग भेटतो डीन, चर्चमधला बडा धर्मगुरू (सॅम नील). हंगेरीची टोकाय वाइन पोटात गेली की हा गृहस्थ मागच्या जन्मी आपण कुत्रा होतो तेव्हाचं बोलू लागतो. आपल्या पडद्यावर पुनर्जन्म म्हटलं की जुनी हवेली आणि राहिलेला हिशेब आलाच, अगदी 'मधुमती'पासून (1958). इथे सूडबिड काही नाही. वास, धावणं, चंद्राकडे बघून रडणं, बस. मला हा चित्रपट जिवापाड आवडतो तो त्यासाठीच.

पण मॉडेलमध्ये मागचा जन्म दाखवायचा कसा? टेबलाखाली कुत्रा बसवला तर तो नुसता पाळलेला कुत्रा झाला. म्हणून 'पेपरचं भूत' ही रंगभूमीवरची जुनी युक्ती घेतली. जॉन हेन्री पेपर यांनी 1862 मध्ये ती लंडनला करून दाखवली, म्हणजे थोरल्या फिस्कच्या उमेदीच्या काळातलीच. डीनच्या पुढ्यात 45 अंशांत पारदर्शक पडदा, बाजूच्या काळ्या कप्प्यात कुत्रा. डीनवरचा दिवा मंदावून कप्प्यातला उजळला की कुत्र्याचं प्रतिबिंब थेट खुर्चीत. पडद्यापासून कुत्रा आणि डीन अगदी सारख्या अंतरावर हवेत. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून कुत्रा उलट्या बाजूला वळवून घडवला. जाड अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही पृष्ठभागांवरून दोन प्रतिमा उमटतात. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पातळ पारदर्शक शीट चौकटीत ताणून बसवली की एकच, स्वच्छ.

कुत्रा स्पॅनियल. आत तांब्याची तार, वर एम-सील. एम-सील आवळत आलं की सुईने केस ओढायचे, कानांवर लांब, पाठीवर आखूड. डीनचं नाक पेल्यावर झुकलेलं आहे आणि दिवा बदलला की कुत्र्याचं नाक नेमकं त्याच जागी येतं. हे जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जुळलं तेव्हा मी जोरात ओरडले! टोकाय यूव्ही रेझिनची (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं रेझिन), थेंबभर पिवळट तपकिरी शाई घालून. कोऱ्या चहाहून जराशी उजळ.

वडिलांचा चेहरा अजून कोरा आहे. त्यांचा लहानपणी हरवलेला कुत्रा वॅग म्हणजे हा डीनच, हे कळून ते रडतात, पण मला रडणारा चेहरा नकोय. त्याच्या किंचित आधीचा हवाय, कान टवकारून ऐकणारा.

दोन्ही दिवे एकमेकांत हळूहळू विरायला हवेत. 3 व्होल्टच्या एलईडीवर न लुकलुकणारा डिमर कुणी बसवला असेल तर जोडणीचा फोटो टाका.