ताप उतरला, आता जवळ जाऊ का?

मी विषाणूंच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी आजारातून उठलं, की "आता माझ्यापासून कुणाला लागण नाही ना होणार?" हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. मी आधी विचारते, झालं काय होतं?

सगळं त्यावरच अवलंबून आहे. गोवरात पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यावर चार दिवस लागण होऊ शकते. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत थांबायचं. हिपॅटायटिस ए असेल, तर काविळीचा पत्ताही नसतो तेव्हाच, आधीच्या दोन आठवड्यांत, तो सर्वांत जास्त पसरतो. फ्लूचा माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतो, लहान मुलं त्याहून अधिक.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसची. माझ्या भाचीच्या सासऱ्यांची केमोथेरपी चालू होती आणि तेव्हाच तिला हा त्रास झाला. "मावशी, काल संध्याकाळपासून एकही उलटी नाही. बाबांचं जेवण मी केलं तर चालेल ना?" मी तिला ठामपणे नाही म्हटलं. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर निदान ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, हा नियम निरोगी माणसांच्या घरातला. तिच्या घरी मी तो आणखी ताणायला लावला. आपल्याला अगदी ठणठणीत वाटू लागल्यावरही हा विषाणू दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून जात राहतो, आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे शंभराहून कमी कण पुरतात. सॅनिटायझरवर तर विसंबूच नये, त्याला हा फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं. तिला हे सांगताना माझा आवाज चढला होता, पण केमोथेरपीतल्या माणसाला असे जुलाब लागले तर काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

काही विषाणू रक्तातून गेल्यावरही शरीरातल्या अशा जागी दडून राहतात, जिथे प्रतिकारशक्तीचा हात नीट पोहोचत नाही. इबोलातून वाचलेल्या पुरुषांच्या वीर्यात तो कित्येक महिने सापडला आहे. म्हणून त्यांच्या वीर्याची तपासणी पुन्हा पुन्हा करतात आणि तोवर कंडोम वापरायला सांगतात. या माणसांना मिठी मारायला, त्यांच्या शेजारी बसायला मात्र काहीच हरकत नसते. ही दुसरी बाजू त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कोविडच्या काळात हेच झालं. बरे झालेल्यांचा स्वॅब आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येत होता आणि लोक हादरत होते. स्वॅबची ही पीसीआर तपासणी विषाणूची जनुकीय सामग्री शोधते, तो जिवंत आहे का हे तिला कळत नाही. घर पडून गेल्यावर विटा मागे राहाव्यात, तसे ते तुकडे असतात. दक्षिण कोरियात २०२० मध्ये पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांच्या संपर्कातली ७९० माणसं तपासली गेली. त्यांच्यापासूनच लागण झाली असं एकाही बाबतीत सिद्ध झालं नाही. सौम्य आजार असेल, तर दहा दिवसांनंतर प्रयोगशाळेत पेशींवर वाढू शकेल असा, म्हणजे जिवंत, विषाणू सहसा मिळतच नव्हता. तरी किती घरांत ताटवाट्या महिनाभर वेगळ्या राहिल्या!

तीच गत खोकल्याची. सर्दी-फ्लूनंतरचा कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे टिकू शकतो. विषाणू गेलेला असतो, श्वासनलिका हुळहुळ्या झालेल्या असतात, गार हवा लागली तरी उबळ येते. अशा माणसाला डबा खाताना लांब बसवू नका, मी स्वतः मुद्दाम शेजारी बसते. एक मात्र त्यालाही सांगते: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर थुंकीची तपासणी करून घे. क्षयरोगाचा खोकलाही असाच रेंगाळतो, आणि तो उपचारांवाचून पसरत राहतो.