तुम्ही विचारलंत म्हणून: सूज ५०% उतरली, मग ती मुळी घेऊ का?

मी औषधी मुळ्यांचे अर्क सुजेवर तपासते हे कळलं की हमखास येणारा प्रश्न, "रिसर्च पेपरात तर सूज निम्म्याने उतरली म्हणे, मग आम्ही ती मुळी उकळून घेतली तर?"

आधी हे ५०% येतं कुठून ते बघा. मुळी वाळवून दळायची, सॉक्सलेटमध्ये (उकळतं अल्कोहोल पुन्हा पुन्हा मुळीतून फिरवणारं काचेचं उपकरण) अल्कोहोलने अर्क काढायचा, अल्कोहोल उडवलं की तळाला काळपट चिकट गोळा उरतो जो पाण्यात काही केल्या विरघळत नाही, मग तो सीएमसी नावाच्या दाटसर द्रावणात घोटून रॅटला पाजायचा आणि तासाभराने मागच्या पंजात सूज आणणाऱ्या १% कॅराजीननचं ०.१ मिलीचं इंजेक्शन. ही टेस्ट १९६२ पासूनची. पंजा टम्म फुगतो. घोट्यावर मार्करने रेघ मारलेली असते, तिथपर्यंत पंजा प्लेथिस्मोमीटरच्या (किती पाणी सरकलं त्यावरून पंजाचं आकारमान मोजणारं यंत्र) पाण्यात बुडवायचा, आणि नेमकं तेव्हाच रॅट पाय ओढतं, रेघ जराशी वरखाली झाली की आकडा बदलला. म्हणून मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे माहीतच नसलेलं बरं.

समजा अर्क न दिलेल्यांचा पंजा ०.८ मिलीने फुगला आणि अर्कवाल्यांचा ०.४ ने, झाले ५०%. पण अर्क पाजला सूज यायच्या आधी! तुमचा गुडघा सुजून सहा महिने झालेत.

शिवाय डोस. रॅटला किलोमागे २०० मिग्रॅ दिला तर माणसासाठी ढोबळमानाने ६.२ ने भागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क. १०० ग्रॅम मुळीतून १० ग्रॅम अर्क निघत असेल तर ती झाली २० ग्रॅम मुळी, तीही अल्कोहोलमधली, तुमच्या काढ्यात काय उतरतं हा वेगळाच विषय. त्यामुळे माझं उत्तर नाही असंच असतं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजिबातच नाही.

फसायला मीही फसलेय. मॅक्रोफेज म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, त्यांना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) देऊन चिडवलं की त्या सूज वाढवणारं नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि ते ओळखणारं ग्रीस रिएजंट टाकलं की प्लेट गुलाबी होते. माझ्या अर्काच्या खान्यांत गुलाबीचा मागमूस नाही, मी हवेत! मॅडमनी एवढंच विचारलं, "एमटीटी लावलीस का?" एमटीटी म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते बघायची टेस्ट. लावली, तर पेशी मेलेल्या. मेलेली पेशी कसली चिडतेय.

तो अर्क अजून फ्रीझरमध्ये आहे, दहापट पातळ करून परत लावायचाय.