आधी डबा, मग बरणी : आमची वाटचाल

आमची फर्म छोटीच आहे, मी आणि माझी नणंद (मी त्यांना ताई म्हणते) अशा दोघी मालकिणी, किचनमध्ये हाताखाली मोजकी माणसं, आणि विकायला एकच गोष्ट, साल्सा, म्हणजे मेक्सिकन पद्धतीची टोमॅटो-मिरचीची चटणी. सुरुवातीला तर फक्त ताजा, डब्यात भरलेला, त्यातही एकच प्रकार, टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ, म्हणजे मेक्सिकोत ज्याला पिको दे गायो म्हणतात तो. पहिल्या लेबलवर ताईंनी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं, "बरणीतला नाही!" आज आमच्याच नावाची बरणीपण दुकानात आहे, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं टोमणे मारतात की काय हो, पलटलात का. पलटलो नाही, पण ते समजवायला जरा सविस्तर सांगावं लागतं.

ताज्या साल्साची सगळी गंमत सुरीत आहे हे आम्हाला लवकर कळलं. टोमॅटो कापला की पेशी फुटतात, आतली एन्झाइम्स कामाला लागतात आणि काही क्षणांत तो हिरवट, पाला चुरगळल्यासारखा वास तयार होतो, अख्ख्या टोमॅटोत तो जवळजवळ नसतोच. हा वास टिकत नाही, सुटतो आणि उडत जातो किंवा बदलतो, म्हणून साल्सा कापल्यावर पहिले काही तास जो लागतो तसा दुसऱ्या दिवशी लागत नाही. मिक्सरमध्ये फिरवलं तर काम झटपट होतं पण हवा आत मारली जाते आणि लालऐवजी गुलाबी फेसाळ काहीतरी तयार होतं, ते बघून ताई म्हणाल्या, "अगं हे दात घासायला द्यायचं का लोकांना?" तेव्हापासून ताज्याला सुरीच.

दुसरं म्हणजे पाणी. मीठ घातलं की टोमॅटो पाणी सोडणारच, आणि डब्यात तळाशी पाणी आणि वर कोरडे तुकडे असं दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं शिळा आहे. मग आम्ही टोमॅटो आधी कापून, मीठ लावून चाळणीत निथळत ठेवायला लागलो, निथळलेल्या पाण्यात चव भरपूर असते म्हणून त्यातलं थोडं परत घालतो, बाकीचं नाही. टोमॅटो लांबट, गरवाले, कमी बियांचे घेतो. आणि ते कापेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवत नाही, कारण साधारण 12 अंशांच्या खाली ठेवले की वास देणारी द्रव्यं बनणं मंदावतं. 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की थंडीने टोमॅटोतल्या त्या वासाशी संबंधित जीन्सचं कामच दबतं आणि बाहेर काढून ठेवल्यावरही पूर्ण परत येत नाही. कापून साल्सा झाला की मात्र उलटं, तो लगेच थंडच हवा. हा आधी बाहेर मग आत प्रकार नवीन माणसाला समजवताना दर वेळी डोकं खातो.

ताज्याचा खरा त्रास चवीचा नाहीच, साखळीचा आहे. आमच्या फ्रीजपासून गिऱ्हाइकाच्या फ्रीजपर्यंत एकाने जरी डबे बाहेर ठेवले की संपलं. एका वितरकाने (नाव घेत नाही) अख्खी खेप दुपारभर गाडीत तापवली आणि संध्याकाळी मलाच फोन, मॅडम तुमच्या डब्यांची झाकणं फुगतायत. सगळं फेकलं. कांदापण डब्यात गप्प बसत नाही, कापलेल्या कांद्याचा उग्रपणा दिवसागणिक वाढत जातो आणि शेवटी फक्त तोच लागतो, त्यामुळे आम्ही कांदा कापून गार पाण्यात धुवून घेतो, तेवढ्याने बराच फरक पडतो.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी कारण "ताजं म्हणजे सुरक्षित" हे आमच्याच लाइनीतले लोक बिनधास्त ठोकून देतात. कच्च्या साल्सात जंतू मारणारी पायरी नसतेच. 2008 मध्ये अमेरिकेत साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची मोठी साथ आली, 1400 च्या वर लोक आजारी पडले, आधी आळ टोमॅटोवर आला आणि मग हालापेन्यो आणि सेरानो मिरच्या निघाल्या. तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 1998 ते 2008 च्या नोंदी तपासल्या तेव्हा रेस्टॉरंटमधल्या अन्नातून झालेल्या ज्या साथींचं मूळ सापडलं त्यातली जवळपास दर 25 मधली एक साल्सा किंवा ग्वाकामोलेमुळे (अ‍ॅव्होकॅडोची चटणी) होती. मिरची धुणं, हात, फळी, थंडावा, ताज्यात सगळी भिस्त यावरच. बरणीवाले निदान उकळतात तरी.

तर बरणी. लोकांची मागणी साधी होती, घरात पडून राहील असं काहीतरी द्या. आम्ही दोघींनी आधी बाजारातल्या बरण्या आणून ठेवल्या आणि नुसती लेबलं वाचत बसलो. बऱ्याच ठिकाणी पहिला घटक पाणी आणि टोमॅटो पेस्ट, म्हणजे हंगामात टोमॅटो आटवून पिंपात भरून ठेवायचा आणि वर्षभर पाणी घालून सैल करून वापरायचा. वाळवलेला कांदा, वाळवलेला लसूण. कॅल्शियम क्लोराइड, ते शिजवताना तुकडे लगदा होऊ नयेत म्हणून. झँथन गम, पाणी सुटू नये म्हणून. व्हिनेगर. वाचून नाक मुरडणं सोपं आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी खऱ्या अडचणीचं उत्तर आहे हे स्वतः बनवायला घेतल्यावर पटतं.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आंबटपणा. बंद बरणीत हवा नसते, आणि अशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, ते रोखायचं तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली पाहिजे, आणि शहाणा माणूस आणखी खालीच ठेवतो. टोमॅटो स्वतः साधारण 4.3 ते 4.9, म्हणजे अगदी काठावर, आणि कांदा, मिरची, लसूण सगळे त्याच्या वर. म्हणजे "या वेळी जरा कांदा वाढवू" हे घरी चालतं, ताज्या डब्यात चालतं, बरणीत अजिबात नाही, प्रमाण ठरलं की ठरलं. लिंबाचा आंबटपणा दर लिंबाला वेगळा, म्हणून ठराविक आंबटपणाचा बाटलीतला रस किंवा व्हिनेगर. बरणीच्या साल्साला जी ती टोकदार आंबट चव असते ना, ती आळसाची नाही, हिशोबाची आहे. ताईंकडे आता पीएच मीटर असतं आणि त्या प्रत्येक बॅचला सासूने सुनेचा स्वयंपाक तपासावा तशा तपासतात.

मग आम्ही आमचाच ताजा साल्सा आंबटपणा वाढवून, उकळून, गरमच बरणीत भरून बघितला. गार होताना आत व्हॅक्यूम धरतो आणि झाकणाचं मधलं बटण टक् करून खाली बसतं, एकामागून एक, ते ऐकायला फार बरं वाटतं. चव मात्र ना इकडची ना तिकडची. कोथिंबिरीचा वास वाफेबरोबर गेला, टोमॅटोचा तो हिरवट वास देणारी एन्झाइम्स उष्णतेने मेली, उरली ती नुसती मिरची, कारण तिच्या तिखटाला उकळण्याने काही होत नाही. म्हणून स्वस्त बरण्या तिखट लागतात आणि बाकी सपाट. मोठे ब्रँड मसाले, साखर घालून ती पोकळी भरतात.

इथे आमचा रस्ता बदलला. ताई म्हणाल्या, शिजवल्यावर जे जातं त्याच्यामागे कशाला धावायचं, शिजवल्यावर जे येतं ते घेऊ ना. आणि मेक्सिकोत भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा आहेच की, तव्यावर (त्यांचा तो कोमाल) टोमॅटो, मिरच्या, सालीसकट लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजायचे आणि मोल्काहेते नावाच्या दगडी खलात वाटायचे. भाजल्याने पाणी उडतं, गोडी वाढते, धुरकट कडवटपणाची किनार येते, आणि ही चव बरणीत घातल्यावर, पुन्हा तापवल्यावरही राहते. आम्ही मोठ्या भट्टीत ट्रे लावून भाजतो, काळी सालं सगळी काढत नाही, थोडी आतच वाटतो. कोथिंबीर घालतच नाही, लेबलवर लिहिलंय की खायच्या वेळी वरून ताजी घाला. सुरुवातीला दुकानदार म्हणाले असं कुठे लिहितात का. लिहितो आम्ही.

विकतचा साल्सा म्हणजे आजकालचं फॅड, हे पण मला पटत नाही. 16 व्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने आस्तेक लोकांच्या बाजाराचं वर्णन लिहिलंय, त्यात मिरची, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया घालून केलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या सॉसच्या विक्रेत्यांचा उल्लेख आहे. बरणीचा धंदा मात्र नंतरचा, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला डेव्हिड पेसने 1947 मध्ये त्याचा पिकांते सॉस सुरू केला आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साल्साच्या विक्रीची रक्कम केचपच्या पुढे गेली. तेवढा खप ताज्या डब्यांवर झालाच नसता.

आता कोणी विचारलं कुठला घेऊ तर मी आधी विचारते कशाला. चिप्स बुडवून आज संध्याकाळीच संपवायचा, किंवा भाजलेल्या मासळीवर घालायचा, तर डबा, आणि फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवून खा, अगदी गार असला की चव दबते. अंड्यांत, रश्श्यात, भातात शिजवणार असाल तर बरणी, तिथे ताजा घालणं म्हणजे निव्वळ नासाडी, आणि तसंही टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शिजवलेल्यातून शरीराला जास्त मिळतं. बरणी उघडल्यावर मात्र तीपण फ्रीजमध्येच, हे लोक सर्रास विसरतात.

सध्या आमच्यात वाद चाललाय तो हाय प्रेशर प्रोसेसिंगवरून. सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यावर पाण्यातून साधारण 6000 बार दाब काही मिनिटं द्यायचा, उष्णता न देता बरेचसे जंतू मरतात, चव पुष्कळशी कच्चीच राहते आणि डबा फ्रीजमध्ये काही आठवडे टिकतो. मशीन आमच्या आवाक्यातलं नाही, दुसऱ्याकडे भाड्याने करून घ्यावं लागेल. मला करून बघायचंय. ताईंचं म्हणणं, काही आठवड्यांपूर्वी कापलेल्या साल्सावर "ताजा" छापायचं का नाही ते तू आधी ठरव, मग बोलू. अजून ठरलेलं नाही, पण सॅम्पलचे डबे पाठवलेत.