नानांचा अर्धा बाडा

केस-पेपरच्या पहिल्याच ओळीत कुणीतरी ‘डिमेंशिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, लिहून टाकलं होतं. नाना सत्तरीचे, जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, तिथल्याच एजी (महालेखापाल) ऑफिसातून ऑडिटर म्हणून निवृत्त. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेला. मुलगा सांगत होता, “ताटातलं अर्धं तसंच ठेवतात आणि आणखी वाढा म्हणतात. एकाच गालाची दाढी करतात. पासबुकातले ४५,८५० रुपये ‘आठशे पन्नास’ वाचतात. डोळेही दाखवले, मॅडम, नवा चष्मा केला.”

हा शिक्का दहा मिनिटांच्या प्रश्नावलीवर बसलेला. ३० पैकी गुण मोजायचे, कमी भरले की गोळी सुरू. गुण कुठे गेले, हे बघायची कुणाला गरज वाटत नाही, याचा मला मनस्वी राग येतो. आजार तर तिथेच लिहिलेला असतो.

आधी स्मरणशक्ती पाहिली. वाचून दाखवलेली शब्दांची यादी नानांनी अर्ध्या तासानंतरही जवळजवळ सगळी सांगितली. मग अल्बर्टची चाचणी घेतली. कागदभर विखुरलेल्या ४० रेघा, प्रत्येकीवर काट मारायची. कागद पेशंटच्या छातीच्या बरोबर मध्यावर हवा आणि जागचा हलता कामा नये. हात लागून तो उजवीकडे सरकला तर निकालावर विसंबता येत नाही, म्हणून मी चारही कोपरे टेपनं चिकटवते. नानांनी उजवीकडच्या रेघा ऑडिटरच्या शिस्तीनं एकेक काटल्या आणि पेन खाली ठेवलं. “झालं.” कागदाच्या डाव्या बाजूला एकही काट नव्हती.

नजर गेली म्हणावं, तर डावीकडे एकटं बोट हलवलं की त्यांना दिसत होतं. दोन्हीकडे एकदम हलवलं की फक्त उजवं. डोळा पाहतो, पण मेंदू डावीकडचं टाकून देतो. याला नेग्लेक्ट म्हणतात.

१९७८ साली बिसियाक आणि लुझाती यांनी मिलानमधल्या अशा पेशंटना शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवायला लावला होता. मी नानांना महाराज बाड्यावर, ग्वाल्हेरच्या मोठ्या चौकात नेलं, खुर्चीत बसल्या बसल्या.

“नाना, पोस्टाकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं?”

ते रंगून सांगत गेले, पण सगळं उजव्या हाताचं.

“आता पोस्टाला पाठ करा.”

आणि मघाशी ज्या बाजूचं एक अक्षर निघालं नव्हतं, ती धडाधड आली. शाळेच्या वह्या मिळायच्या ते दुकान, त्याला लागून शिंपी, शिंप्याच्या ओट्यावर वडील कुणाशी गप्पा मारत बसायचे तेसुद्धा. पहिली बाजू मात्र आता गायब.

“हे मघाशी नाही सांगितलंत?”

“सांगितलं की!”

ते खोटं बोलत नव्हते. आपलं काही सुटतंय हेच त्यांना कळत नाही. चाचण्यांचे कागद कपाटात गेले, पण माझ्या डोक्यातून हे जात नाही. अख्खा बाडा त्यांच्यात शाबूत आहे, मग पाठ फिरवेपर्यंत तो अर्धा असतो कुठे? पुस्तकात याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. माझं एकानंही समाधान होत नाही.

रिपोर्टात डिमेंशिया नाही असं स्पष्ट लिहिलं आणि गोळीचा फेरविचार करावा म्हणून न्यूरॉलॉजिस्टना कळवलं. पासबुकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून दिली: आधी पट्टी शोधायची, मगच आकडा वाचायचा. मुलाला हे फार किरकोळ वाटलं. त्याला इंजेक्शन हवं होतं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. निघताना त्यांनी विचारलं, “मग मी ह्यांच्या कुठल्या बाजूला बसू?”

महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर उजवीकडे, म्हटलं. एरवी डावीकडेच बसा, आणि मान वळवून तुमच्याकडे बघेपर्यंत त्यांना हाक मारत राहा.